करंजाखालचा अर्धा तास

२ फेब्रुवारी

गेले. पहिला दिवस. अर्धा तास सांगितला होता, चोवीस मिनिटं बसले. त्यातली काही मोबाईलमध्ये वेळ बघण्यात गेली, म्हणजे खरं तर चोवीसही नाहीत.

उज्वला मॅडमनी वही घालायला सांगितली आहे. त्या समुपदेशक. वही कुणाला दाखवायची नाही, त्यांनाही नाही. मग खोटं लिहायचं कारण उरत नाही, म्हणाल्या. मला वाटतं, उरतं.

का बसायचं ते एकदाच लिहून टाकते. १९ जानेवारीला बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि मला प्रयोगशाळेत गॅसचा वास आला. मी मुख्य कॉक बंद केला, बेल दाबली, चौऱ्याऐंशी मुलांना मैदानात काढलं. बाहेरून आलेले परीक्षकही मैदानात, हातात गुणपत्रिका घेऊन. मिस्त्रीनं प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही! दोन तास गेले. सतरा वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे मी, आणि आता स्टाफरूममध्ये माझं नाव ‘सायरन मॅडम’. प्राचार्य मात्र रागावले नाहीत. छायाताई, थोडी रजा घ्या, म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

ती काही पहिली वेळ नव्हती. कुलूप लावलं का हे बघायला सिटी सेंटर मॉलपासून परत आलेली आहे मी. तीनदा. एकाच दिवशी.

४ फेब्रुवारी

जागा लिहायची राहिली. माझ्या नवऱ्याच्या, दीपकच्या मावसभावाची, कुंदनभाऊजींची द्राक्षबाग. गंगापूर रोडवरून पुढे, गिरणाऱ्याच्या अलीकडे. स्कूटरवर पंचवीस मिनिटं. बागेच्या वरच्या अंगाला त्यांचं शेततळं आहे. चारी बाजूंनी मातीचा भराव घालून उंच केलेलं, आत प्लास्टिकचा काळा कागद, भोवती तारेचं कुंपण. भरावाच्या पायथ्याशी पत्र्याची खोली. तिथं सहादू आणि चिमणाबाई राहतात, बागेच्या राखणीला. पेठकडचे, दोघंही साठीच्या पुढचे. खोलीपासून दहा-बारा पावलांवर एक करंज आहे. त्याच्याखाली मी.

चपला काढायच्या. पाय मातीत. मग पाच दिसणाऱ्या गोष्टी, चार हाताला लागणाऱ्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या, एक चवीची. मग डोळे मिटायचे आणि श्वास मोजायचे. भीती आली तर तिच्याशी वाद घालायचा नाही. कुणाला ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारायचं नाही. आणि एकदा बघितलेलं पुन्हा बघायला जायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

आज: तारेवर वेडा राघू. भरावावर वाळलेलं गवत. चिमणाबाईची निळी कळशी. माझे पाय. पाचवं आठवत नाही. चवीचं काहीच मिळेना, शेवटी करंजाचं पान चावलं. कडूजहर! कडू चालतं का, मॅडमना विचारायला हवं. नाही — विचारायचं नाही.

५ फेब्रुवारी

चिमणाबाईनं विचारलं, ताई तुम्हाला बरं नाय का? म्हटलं, डॉक्टरांनी बसायला सांगितलंय. “नुसतं बसायचं? मग आमालाबी द्या त्या डॉक्टरचा पत्ता.” सहादू खोलीच्या दारातून हसला. त्याचे दोन्ही गुडघे गेलेत. उठताना आधी भिंतीला धरतो, मग काठीला, मग चिमणाबाईला.

८ फेब्रुवारी

आज अकरा मिनिटं काहीही वाटलं नाही. काहीही! छातीत ती टकटक नाही, घशात गोळा नाही. बागेतून गंधकाचा वास येत होता, टिटवी ओरडत होती, आणि मी त्यातच होते. परत येताना आनंदवलीपाशी सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं, घराचं कुलूप आठवलंच नाही.

मग आठवलं. पण फिरले नाही.

१० फेब्रुवारी

वेदिकाचा बारावीचा पहिला पेपर. हॉलतिकीट एकदाच बघितलं. ती म्हणाली, आई, तुला बरं वाटतंय वाटतं! तिच्या आवाजात सुटका होती. या मुलीला माझ्यामुळे किती सांभाळून बोलावं लागत असेल.

१३ फेब्रुवारी

पाच दिसणाऱ्या गोष्टींमधली पाचवी शोधत होते. रोज त्याच त्या नकोत म्हणून मान वळवून भरावाच्या पायथ्याकडे बघितलं, खोलीच्या मागच्या बाजूला. लव्हाळा. हातभर रुंद पट्टा, गर्द हिरवा, तेल लावल्यासारखा. बाकी सगळं गवत पिवळं पडलंय, कुरकुरीत. बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र होतं माझं. लव्हाळा असा उगाच हिरवा राहत नाही.

उठून हात लावला. माती गार. बोट दाबलं तर खड्ड्यात पाणी जमलं.

आणि झालं सुरू. भरावातून पाणी पाझरतंय. वर एवढं तळं. खाली खोली. सहादूचे गुडघे. हात थंड पडले, कानात घूं घूं. पळत जाऊन चिमणाबाईला सांगावंसं वाटलं. तोंडही उघडलं होतं.

नाही सांगितलं. करंजाखाली परत आले, पाय मातीत रोवले, श्वास मोजले. चाळीसपर्यंत गेले. गेली भीती! पहिल्यांदा, एवढी मोठी आलेली असताना, कुणालाही न हलवता घालवली.

१४ फेब्रुवारी

आज भरावाकडे पाठ करून बसले. बत्तीस मिनिटं.

१७ फेब्रुवारी

मॅडमकडे गेले. भीत्यांची यादी करून आणायला सांगितली होती. बारा निघाल्या. क्रमांक सात: शेततळ्याचा बांध फुटेल असं वाटतं.

प्रत्येकीला शंभरपैकी किती, असं विचारत गेल्या. सातवीला मी पंचाहत्तर म्हटलं. मग त्या वेळी काय केलं, ते सांगितलं. खूश झाल्या. “भीती आली, तुम्ही बसलात, ती गेली. कुणाकडे धावला नाहीत. छायाताई, हे मोठं आहे.”

रिक्षात बसल्यावर कळलं काय केलं ते. मी त्यांना लव्हाळ्याचं सांगितलंच नाही. बोटाच्या खड्ड्यात जमलेल्या पाण्याचंही नाही. नुसतं ‘असं वाटतं’ म्हटलं. सहावी भीती होती वेदिकाला पेपरात चक्कर येईल, आठवी होती फ्रीजच्या मागून धूर येईल. मधे सातवी. त्यांनी तरी काय वेगळं सांगावं?

मुद्दाम नाही सांगितलं का मी? शाबासकी हवी होती म्हणून?

२० फेब्रुवारी

दीपकला सांगितलं. नियम मोडला. जेवताना, सहज बोलल्यासारखं. तो घास घेता घेता थांबला आणि हळूच म्हणाला, “पुन्हा?” एवढंच. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

लव्हाळ्याचं सांगितलं तर म्हणाला, अगं शेतात गवत उगवणारच.

तो वाईट नाही. एकवीस वर्षं ऐकतोय माझं. गॅस, कुलूप, इस्त्री, लिफ्टची तार. त्यातलं एकही खरं निघालं नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही ‘पुन्हा?’ असंच म्हटलं असतं, आणि एवढ्या हळू नसतं म्हटलं.

२१ फेब्रुवारी

एक प्रश्न लिहून ठेवते. ही भीती बांधाची की माझी?

२४ फेब्रुवारी

कुंदनभाऊजी भेटले बागेत, द्राक्षाच्या तोडणीची तयारी चालू आहे. धीर केला. खोलीच्या मागे नेऊन ओल दाखवली. त्यांनी बुटाच्या टोकानं लव्हाळा उकरला.

“वहिनी, मातीचं काम आहे, थोडं पाझरणारच. दरवर्षीचं आहे हे.”

दरवर्षी एवढं असतं का, विचारलं. ते हसले, वाईट हसले नाहीत, लहान मुलाकडे बघून हसतात तसे. “तुम्ही शांत बसायला येता ना? मग बसा की शांत.”

दोन मजूर होते बाजूला, तेही हसले. मी जाऊन शांत बसले.

खरंच बसले! डोळे मिटले, आणि दहा मिनिटांत नाडी बहात्तर. मला हे इतकं जमायला लागलंय याचीच आज भीती वाटली.

२६ फेब्रुवारी

आज फक्त झाड. करंजाला नवी पालवी फुटतेय, तांबूस, ओलसर. गालाला लावून बघितली. दुसरं काही लिहायचं नाही.

१ मार्च

कालव्याला आवर्तन सुटलं. शेततळं काठोकाठ भरून घेतलंय. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलींना पाणी लागतं, तेव्हा विहीर तळाला गेलेली असते. तोपर्यंत हेच पाणी. भाऊजी कुंपणाच्या दाराशी उभं राहून बघत होते, पोराकडे बघावं तसं. वाऱ्यानं पाणी काठाला थपाथप लागत होतं. तो आवाज पूर्वी मी ‘ऐकू येणाऱ्या तीन’मध्ये धरायची.

खोलीची मागची भिंत, खालच्या दोन विटा, काळपट झाल्या आहेत. आधी होत्या का तशा? आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि माझ्या आठवणीवर माझा विश्वासही नाही.

३ मार्च

गेले नाही. डोकं दुखत होतं. खोटं — दुखत नव्हतं.

५ मार्च

नियम मोडायचा तर शिस्तीत मोडायचा. करंजाची एक काडी घेतली आणि ओल जिथं संपते तिथं रोवली. आता तीन दिवस जवळ जायचं नाही. तिसऱ्या दिवशी एकदाच बघायचं.

चिमणाबाई म्हणाली, काय पेरता ताई? म्हटलं, काही नाही, खूण. ती काडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, चहा ठेवते.

चहा घेताना तिनं सांगितलं, सहादूची खाट त्या मागच्या भिंतीलाच लागून असते, कारण तिथं गार लागतं. मी कप खाली ठेवला. सांगावंसं वाटलं. शब्दसुद्धा तयार होते. पण कोणते शब्द? ‘मला वाटतं’ हेच ना? माझं वाटणं चौऱ्याऐंशी मुलांनी बघितलंय मैदानात. या दोघांनाही घराबाहेर काढायचं, उन्हात बसवायचं, आणि मग साबणाचं पाणी लावून दाखवायचं की बघा, काही नव्हतं?

आणि दुसरंही लिहून ठेवते, वही खोट्यासाठी नाही म्हणून. मी सांगितलं आणि काही निघालं नाही, तर ही जागा जाईल. करंज जाईल. भाऊजी तोंडावर नाही म्हणणार नाहीत, पण मला परत येता येणार नाही. गेल्या महिन्याभरात जे काही मिळालं ते या अर्ध्या तासातून मिळालं. ते मला सोडायचं नाहीये.

८ मार्च

रंगपंचमी. दीपक जुन्या नाशकात जाऊन रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, उडी मारून आला, कानापर्यंत पिवळा. वेदिकाचा उद्या पेपर, ती चिडलेली. मी सकाळीच बागेत जाऊन आले होते.

काडी ओलीच्या आत आहे. ओल तिच्या पुढे चार बोटं.

दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा हात एवढे कापत होते की चार बोटं की पाच ते कळेना.

९ मार्च

रात्रभर काही झोप नाही. वाढली म्हणजे खरी का? काडी मी नेमकी कडेला रोवली होती का? की जरा आत? माझा हात मला ओळखीचा आहे. तो भीतीच्या बाजूनं झुकतो.

११ मार्च

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर महेशकाका आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसभर रेडिओ. त्यांच्याकडे गेले. माझ्याबद्दल काहीही माहीत नसलेला माणूस हवा होता. एक शेततळं आहे, त्याच्या भरावाच्या पायथ्याशी ओल आहे, एवढंच सांगितलं. ‘मला वाटतं’ हे दोन शब्द टाळायला किती कष्ट पडले!

मला वाटलं होतं, ते खूप प्रश्न विचारतील. एकच विचारला.

“पाणी नितळ येतंय की गढूळ?”

मला माहीत नव्हतं. एवढी बघितली ती ओल, पण हे बघितलं नव्हतं. ते म्हणाले, मातीतून नितळ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ येत असेल तर ते आतली माती घेऊन येतंय. म्हणजे आत पोकळ होत चाललंय. मग लक्ष ठेवायचं नाही, माणसं हलवायची.

एवढं बोलून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. मी जिन्यात बसून राहिले. आजवर कुणीच मला असा प्रश्न दिला नव्हता, ज्याचं उत्तर माझ्या आत नाही, बाहेर आहे.

१२ मार्च

आज करंजाखाली बसले नाही. पूर्वी कधीतरी प्रयोगशाळेतून आणलेल्या दोन परीक्षानळ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. लव्हाळ्यामागे आता बारीक धार आहे, चिमटीएवढी. जमिनीला नळी टेकवून भरून घेतली. दुसरीत खोलीजवळच्या नळाचं पाणी. दोन्ही उन्हात धरल्या.

नळाचं पाणी नितळ. दुसरी — चहासारखी.

पाच मिनिटं उभी ठेवली. तळाला पेराएवढी तांबडी माती बसली.

आणि विचित्र गोष्ट. हात कापत नव्हते.

१२ मार्च, दुपारी

सकाळची नोंद बागेतच, उभ्यानं लिहिली. त्यानंतर जे झालं ते घरी येऊन लिहिते आहे.

मी मुद्दे काढले होते. सहादूला काय सांगायचं, तो नाही म्हणाला तर काय, हसला तर काय. चिमणाबाई भाकरी थापत होती. मी दारात उभी राहिले आणि मुद्दे सगळे गेले.

“मला भीती वाटते,” मी म्हटलं. “फार दिवसांपासून वाटते. तुम्ही दोघं इथं झोपू नका. आत्ताच निघा.”

नळी दाखवायचीच होती. पण तेवढ्यात सहादू म्हणाला, “बरं.”

बरं! भिंतीला धरून उठला, मग काठीला. चिमणाबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीत पाणी ओतलं. दहा मिनिटांत त्यांचं बोचकं बांधून झालं. मी एकवीस वर्षांत दीपकला इस्त्रीचं बटण बघायला उठवू शकले नाही, आणि हे दोघं एका वाक्यावर निघाले. चिमणाबाईची जाऊ गिरणाऱ्यात राहते, तिच्याकडे जातो म्हणाले. मी सहादूला स्कूटरवर बसवून रस्त्यापर्यंत सोडलं. त्याचा हात माझ्या खांद्यावर, घट्ट.

मग भाऊजींना फोन. वीस मिनिटांत मोटरसायकलवर आले, तोंड लाल.

“राखणीची माणसं हलवली? मला न विचारता? अहो, तोडणीचा माल उभा आहे बागेत!” मी नळी पुढे केली. ती त्यांनी घेतलीच नाही. तळं खाली करायला हवं, म्हटलं. त्यावर त्यांचा आवाज चढला: छाटणीला पाणी कुठून आणू, टँकरनं द्राक्षं जगतात का. आणि मग एकदम हळू, अगदी घरातल्यासारखं:

“वहिनी, कॉलेजात केलंत ते इथं करू नका.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असणार. पूर्वीची मी तिथेच रडले असते आणि माफी मागून घरी आले असते. मी म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची बाटली घ्या, तुम्ही भरा.”

त्यांनी नळीकडे एकदा बघितलं. मग मोटरसायकलला अडकवलेली पाण्याची बाटली काढली, उरलेलं पाणी ओतून दिलं आणि खोलीच्या मागे गेले. परत आले तेव्हा बाटली उन्हाकडे धरून चालत होते. माझ्या अंगावरून तसेच मोटारीच्या खोलीकडे गेले.

पंप सुरू झाला. शेजारच्या खंडेरावांच्या विहिरीत आणि त्यांच्या कोबीला पाणी सोडलंय. उद्यापर्यंत चालेल म्हणाले.

१३ मार्च

पंप चालू. भाऊजींचा फोन नाही. बांध तसाच उभा आहे, असं दीपक सांगतो. तो जाऊन आला.

उभा आहे! मग? मी दोन म्हाताऱ्यांना घराबाहेर काढलं, एका माणसाचं उन्हाळ्याचं पाणी ओतून दिलं, आणि बांध उभा आहे. गढूळ पाणी दुसऱ्या कशानं येत असेल तर? घूस उकरत असेल वरवर. पावसाळ्यातली माती बसली असेल कुठं. महेशकाकांना दिसत नाही, आणि त्यांनी तर तळं बघितलेलंही नाही. दिवसभर बाल्कनीतल्या तुळशीच्या मातीत बोटं खुपसून बसले. पाच गोष्टी. चार गोष्टी. एकही सापडेना.

१५ मार्च

भाऊजींनी बोलावून घेतलं. पाणी पुरुषभर खाली गेलंय. त्या बाजूचा कागद वर घेतला होता. कागदाला वीतभर चीर, घुशीनं पाडलेली असावी. चिरेच्या खाली मजुरानं पहार टेकवली, आणि ती जोर न लावता आत गेली.

भाऊजी पालथे झोपले आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. गाल मातीला टेकला तरी हाताला तळ लागेना. तसेच पडून राहिले थोडा वेळ. त्यांच्या पाठीवर माशी बसली होती, तीही त्यांनी हाकलली नाही.

उठले तेव्हा दंडापर्यंत तांबडा चिखल. म्हणाले, “सरळ खोलीवर आलं असतं.”

एवढंच. मग एका मजुराला म्हणाले, वहिनींना खुर्ची आण.

१६ मार्च

दीपकनं सगळ्यांना फोन केले. त्याच्या आवाजात एवढा अभिमान मी लग्नानंतर ऐकला नव्हता. कॉलेजातून प्राचार्यांचा फोन आला, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. स्टाफरूमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, सायरन मॅडम झिंदाबाद. भाऊजी म्हणाले ते वाक्य तर दीपक जेवताना दोनदा म्हणाला: तुझ्या बायकोमुळे दोघं वाचली.

उज्वला मॅडमना फोनवर सगळं सांगितलं, आता लव्हाळ्यासकट. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी तुम्हाला एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता. मी म्हटलं, मी एक उत्तर कमी दिलं होतं.

आणि एक गोष्ट, जी कुणाला सांगता येणार नाही. पहार आत गेली तेव्हा मला आनंद झाला. दोन माणसं वाचली याचा नाही, तो नंतर. आधी याचा की बांध खरंच पोकळ होता! पोकळ असावा अशी माझी इच्छा होती. असा कसा आनंद? तरीही काल रात्री सहा तास झोपले. कुलूप न बघता.

१८ मार्च

गिरणाऱ्याला जाऊन चिमणाबाईला भेटून आले. तिनं जावेच्या अंगणात चहा दिला, साखर भरपूर. सहादू बाजेवर होता. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी इतक्या पटकन कसे निघालात, माझं तर कुणी ऐकत नाही.

ती म्हणाली, “आमी शिवरात्रीलाच निघणार व्हतो ताई. भिंत ओली यायला लागली तवाच हे म्हनले, चल. मालकाला सांगून बघितलं, ते म्हनले दरसालचं हाय. पन तुमी रोज यायच्या आन् तितंच डोळे मिटून गप बसायच्या. मीच यान्ला म्हनले, शिकलेली बाई हाय, तिला कळत नसंल का?”

तिला काही सांगितलं नाही. चहा संपवला. इथे लिहिते.

मला कळत होतं.